कॅन्सस सिटीला येताय? आधी विचारा, रेषेच्या कुठल्या बाजूला

दरवर्षी मे-जूनमध्ये मी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीहून कोल्हापूरला आले की शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी कुणाचे ना कुणाचे आई-वडील येतात. मुलाला कॅन्सस सिटीत प्रवेश मिळालेला असतो, नाहीतर मुलीला नोकरी लागलेली असते. पहिला प्रश्न खोलीच्या भाड्याचा, दुसरा ‘तिथं आपली माणसं आहेत का’ हा. सगळ्यात आधी विचारायला हवा तो प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही: हे गाव नक्की कुठल्या राज्यात आहे? नवी मुलं याच एका गोष्टीवर पुन्हापुन्हा अडखळतात, पैसे घालवतात, म्हणून हे लिहिते आहे.

कॅन्सस सिटी नावाची शहरं दोन आहेत. उंच इमारतींचं, कारंज्यांचं, ज्याचे फोटो तुम्ही बघितलेत ते मोठं शहर मिसूरी राज्यात. त्याला खेटून पश्चिमेला त्याच नावाचं दुसरं शहर, ते कॅन्सस राज्यात. मोठ्या शहराला शहराचा दर्जा मिळाला 1853 मध्ये. कॅन्सस राज्य झालं 1861 मध्ये. म्हणजे राज्याच्या आधी हे शहर होतं, आणि नाव दोघांनीही घेतलं ते कॅन्सस नदीचं. ही नदी मिसूरी नदीला मिळते त्या जागेला कॉ पॉइंट म्हणतात. संगमाच्या वर मिसूरी नदी हीच दोन राज्यांची हद्द. संगमापासून दक्षिणेला मात्र नदी नाही, डोंगर नाही, नुसती नकाशावर पट्टी ठेवून ओढलेली सरळ रेघ. तिच्यावरून स्टेट लाइन रोड जातो. त्या रस्त्यावरून दक्षिणेकडे गाडी चालवत निघालात की डाव्या हाताची घरं मिसूरीत आणि उजव्या हाताची कॅन्ससमध्ये. मधे दुभाजक असला तर असला, नाहीतर तोही नाही.

आपल्याकडे कागल सोडलं की कोगनोळीचा नाका लागतो, पाट्या कानडी होतात, राज्य बदललं हे झोपेतल्या माणसालाही कळतं. इथं तसं काही नाही. भाषा तीच, दुकानं तीच, रस्त्यांचे आकडेसुद्धा तेच. 95 वा रस्ता रेघेच्या अलीकडेही आहे आणि पलीकडेही. म्हणून पत्ता वाचताना शेवटची दोन अक्षरं (MO म्हणजे मिसूरी, KS म्हणजे कॅन्सस) आणि पिन आधी बघा. 641 ने सुरू होणारा पिन मिसूरीच्या कॅन्सस सिटीचा, 661 ने होणारा कॅन्ससच्या कॅन्सस सिटीचा, 662 म्हणजे कॅन्ससच्या बाजूचं ओव्हरलँड पार्क हे उपनगर आणि आसपास. फोन क्रमांकाचा जुना कोडही तसाच: 816 मिसूरीचा, 913 कॅन्ससचा.

आता आकारमान. 2020 च्या जनगणनेत या सगळ्या महानगर क्षेत्राची लोकसंख्या 21 लाख 92 हजार होती. त्यात 14 काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या) येतात, 9 मिसूरीच्या आणि 5 कॅन्ससच्या. साधारण 13 लाख माणसं मिसूरीच्या बाजूला आणि 9 लाख कॅन्ससच्या. मुख्य शहर तेवढं मोठं नाही. मिसूरीतल्या कॅन्सस सिटीची लोकसंख्या 5 लाख 8 हजार. आपल्या कोल्हापूर महापालिकेची 2011 मध्येच 5 लाख 49 हजार होती. पण कोल्हापूर शहर बसलंय सुमारे 67 चौरस किलोमीटरांत आणि हे शहर पसरलंय सव्वाआठशेच्या आसपास, चार काउंट्यांत. तेवढीच माणसं, बारा पट जागा. त्यामुळे ‘ऑफिस गावात आणि घर पण गावात’ याला इथं काही अर्थ नाही. विमानतळसुद्धा त्याच शहराच्या हद्दीत आहे, पण उत्तर टोकाला, प्लॅट काउंटीत. तिथून ओव्हरलँड पार्कच्या दक्षिण भागात पोचायला गाडीनं पाऊण तास धरा. शहराला वळसा घालणारा 435 क्रमांकाचा महामार्ग सुमारे 80 मैलांचा आहे आणि तो दोन्ही राज्यांतून फिरतो.

नावांचे सापळे आणखी आहेत. नॉर्थ कॅन्सस सिटी ही मोठ्या शहराची उत्तर बाजू नव्हे. ती चारेक हजार वस्तीची वेगळी नगरपालिका आहे, चारी बाजूंनी मोठ्या शहरानं वेढलेली. आणि जॉन्सन काउंटी दोन्ही राज्यांत आहे. आपली बहुतेक कुटुंबं राहतात, चांगल्या शाळांचं नाव निघतं, ती कॅन्ससची जॉन्सन काउंटी, 6 लाख 10 हजार वस्तीची. वॉरन्सबर्गला विद्यापीठात प्रवेश घेणारी मुलं ज्या जॉन्सन काउंटीत उतरतात ती मिसूरीतली, शहरापासून पन्नासेक मैल पूर्वेला. ‘जॉन्सन काउंटीत खोली मिळाली, मावशी, तुमच्या जवळच आहे’ असा फोन मला आलेला आहे. जवळ नव्हती.

आता पैशाचं. इथं मी जरा जास्त थांबणार, कारण माझ्या डोळ्यांदेखत सगळ्यात जास्त नुकसान इथंच झालंय.

तुम्ही झोपता एका राज्यात आणि काम करता दुसऱ्या, हे इथं रोजचं आहे. दोन्ही राज्यांचा आपापला आयकर आहे आणि या दोघांत ‘तुमचा कर तुम्ही घ्या, आमचा आम्ही घेतो’ असा करार नाही. कॅन्ससमध्ये राहून मिसूरीत काम केलं तर मिसूरी तिथल्या कामाच्या पगारावर कर घेते. मग वर्षाच्या शेवटी दोन रिटर्न भरायचे: मिसूरीत बाहेरचा म्हणून आणि कॅन्ससमध्ये रहिवासी म्हणून. मिसूरीला भरलेल्या कराची वजावट कॅन्सस देतं. इथवर ठीक. त्याच्यावर मिसूरीच्या कॅन्सस सिटीचा स्वतःचा 1 टक्का कर आहे. तो शहरात राहणाऱ्यालाही लागतो आणि बाहेरून शहरात कामाला येणाऱ्यालाही.

राजारामपुरीतला एक मुलगा, कामात हुशार, मिसूरीतल्या शहरात भाड्यानं राहत होता. लग्न ठरलं, ओव्हरलँड पार्कमध्ये मोठं घर घेतलं, आणि काम घरून करायची परवानगी मिळाली. नवा पत्ता बँकेला कळवला, फोन कंपनीला कळवला, कंपनीच्या पेरोलला, म्हणजे पगार काढणाऱ्या विभागाला, कळवला नाही. पगारातून कर मिसूरीला जात राहिला, 1 टक्का शहराला जात राहिला. एप्रिलमध्ये हिशेब उघडल्यावर कळलं की घरी बसून कॅन्ससमध्ये केलेल्या कामाचा पगार कॅन्ससचाच. म्हणजे वजावट मिळण्याचा प्रश्नच नाही. कॅन्ससला पूर्ण कर लगेच द्या, वर दंड आणि व्याज, आणि मिसूरीकडून परतावा मागा. तो आला काही महिन्यांनी. शहराच्या 1 टक्क्यासाठी कुठल्या दिवशी कुठं बसून काम केलं याचा तक्ता करून कंपनीची सही आणावी लागली. नव्या संसाराची शिल्लक त्या उन्हाळ्यात संपली.

म्हणून घर बदललं, किंवा घरून काम करायचे दिवस बदलले, की त्याच आठवड्यात पेरोलला लेखी कळवा. तोंडी नाही, ईमेलनं. नंतरच्या पहिल्या पगाराची पावती उघडा आणि कर कुठल्या राज्याच्या नावानं कापलाय ते स्वतः बघा. घरून कुठल्या दिवशी काम केलं ते कॅलेंडरमध्ये लिहीत जा. आपली मुलं हजार ओळींचा कोड तपासतात आणि पगाराची पावती उघडत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

महानगर क्षेत्राची सरकारी व्याख्या व्हिसालाही लागू होते, हे फार थोड्यांना माहीत असतं. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना कामाची जागा त्याच महानगर क्षेत्रात बदलली तर नवा सुधारित अर्ज करावा लागत नाही. मूळ एलसीए, म्हणजे कंपनीनं त्या व्हिसासाठी कामगार खात्याकडे केलेला अर्ज, नव्या ऑफिसात सूचना म्हणून लावली की चालतं. राज्य बदललं तरी चालतं, कारण क्षेत्र एकच धरतात. म्हणजे मिसूरीतलं ऑफिस ओव्हरलँड पार्कला गेलं तर घाबरू नका. अशी ऑफिसं हललीही आहेत; करसवलतीच्या लालचीनं कंपन्यांना रेघेच्या या बाजूहून त्या बाजूला ओढायचा खेळ दोन्ही राज्यांनी इतकी वर्षं केला की 2019 मध्ये त्यांना आपसांत तह करावा लागला. पण कॅन्ससमधली लॉरेन्स आणि टोपेका ही गावं, जवळ वाटली तरी, या क्षेत्रात मोडत नाहीत. तिथं बदली झाली तर जाण्याआधी कंपनीच्या वकिलाशी बोला. आणि स्वतःचा राहता पत्ता बदलला की 10 दिवसांच्या आत इमिग्रेशनला कळवायचा. विद्यार्थ्यांनी तो विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयामार्फत कळवायचा.

दुसरी गोष्ट मी प्रत्येक मुलाला समोर बसवून सांगते. मिसूरीत 2022 च्या मतदानानंतर 21 वर्षं पूर्ण झालेल्यांना गांजा विकत घेता येतो. दुकानं उघड आहेत, स्टेट लाइन रोडच्या जवळही आहेत. कॅन्ससमध्ये तो गुन्हा आहे. दुकानातून निघून दोन सिग्नल ओलांडले की तीच पुडी खिशात असणं म्हणजे अटक. आणि मिसूरीत थांबलात तरी तुम्ही सुटला नाहीत, कारण केंद्रीय कायद्यात तो अजून निषिद्धच आहे आणि व्हिसा केंद्र सरकार देतं. अमेरिकन मित्राला जे माफ आहे ते तुम्हाला नाही. त्या दुकानात नोकरीसुद्धा करू नका. विद्यार्थ्याच्या व्हिसावर एवढी एक नोंद झाली की आई-वडिलांनी काढलेलं कर्ज तसंच राहतं आणि पोरगं परत येतं.

घर कुठं घ्यावं यावर आपल्या लोकांचं एकच उत्तर असतं: जॉन्सन काउंटी, दक्षिण ओव्हरलँड पार्क, 135 व्या रस्त्याच्या आसपास. कुटुंब असेल, शाळेत जाणारी मुलं असतील तर ते चांगलंच आहे. पण ओव्हरलँड पार्क म्हणजे एकच शाळा-विभाग नव्हे. शहराची हद्द वेगळी, शाळांची वेगळी. लीजवर, म्हणजे भाडेकरारावर, सही करण्याआधी नेमका पत्ता शाळा-विभागाच्या संकेतस्थळावर टाकून बघा. आणि यूएमकेसीत, म्हणजे मिसूरीतल्या शहरातल्या विद्यापीठात शिकणाऱ्या, गाडी नसलेल्या मुलानं ‘तिथं आपली माणसं आहेत’ म्हणून तिकडं राहायला जाऊ नये. रेघ ओलांडून येणाऱ्या बस थोड्या आहेत. मिसूरीच्या बाजूला रिव्हर मार्केटपासून थेट विद्यापीठापर्यंत फुकट स्ट्रीटकार (ट्राम) आहे, तिच्या मार्गाजवळ खोली बघा.

‘ट्रूस्टच्या पूर्वेला जाऊ नकोस’ हा सल्लाही तुम्हाला आल्याआल्या मिळेल, बहुतेक आपल्याच माणसाकडून. ट्रूस्ट हा मिसूरीतल्या शहराचा उत्तर-दक्षिण रस्ता. गेल्या शतकात जे. सी. निकल्स या बिल्डरनं पश्चिमेच्या देखण्या वसाहती बांधल्या त्या काळ्यांना घर विकायचं नाही अशा अटी खरेदीखतात घालून. बँकांनी आणि शाळांनी तीच वाट धरली आणि ट्रूस्ट ही शहरातली दुसरी रेघ झाली. 2020 मध्ये शहरानं निकल्सचं नाव कारंज्यावरून आणि रस्त्यावरून काढून टाकलं. रात्री अनोळखी भागात जपून राहा, हे मी कुठल्याही शहराबद्दल सांगीन. पण अर्ध्या शहराला नाव ठेवून स्वतःला शहाणं समजू नका. जातीनं वस्त्या कशा पडतात हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

फेब्रुवारी 2017 मध्ये ओलेथ्यात एका बारमध्ये भारतीय इंजिनिअरला गोळी घालून मारलं ते कॅन्ससच्या जॉन्सन काउंटीतच. मारणाऱ्यानं त्याला परका म्हणून मारलं. मारणाऱ्याला अडवायला जो गिऱ्हाईक उठला तो स्थानिक गोरा माणूस होता आणि त्यालाही गोळी लागली. कोल्हापुरात आई-बाप अजून हे विचारतात, तेव्हा मी दोन्ही गोष्टी सांगते.

बाकीचं थोडक्यात. गाडीची नोंदणी आणि विमा, गाडी रात्री जिथं उभी राहते त्या राज्याचा. ड्रायव्हिंग लायसन्स बदलायला मिसूरी 30 दिवस देते, कॅन्सस 90. मिसूरीत 1 जानेवारीला तुमच्या नावावर गाडी असेल तर काउंटीचा मालमत्ता कर 31 डिसेंबरपर्यंत भरायचा. भरल्याची पावती नसेल तर नोंदणीचं नूतनीकरण होत नाही. नवीन आलेल्यांनी ‘माझ्यावर हा कर लागू नव्हता’ असा दाखला काउंटीकडून घ्यायचा. कॅन्ससमध्ये तो कर नोंदणीबरोबरच घेतात. किराण्यावरचा राज्याचा कर कॅन्ससनं 2025 पासून शून्य केला, पण शहर-काउंटीचा राहतोच, त्यामुळे तांदळासाठी रेघ ओलांडू नका. मोठं हिंदू मंदिर शॉनीत आहे, कॅन्ससच्या बाजूला.

वसंतात चक्रीवादळाचे, म्हणजे टॉर्नेडोचे, सायरन वाजतात. महिन्याच्या पहिल्या बुधवारी सकाळी 11 वाजता वाजतो तो चाचणीचा. इतर वेळी वाजला तर खिडकीत मोबाइल धरून उभं राहू नका. तळघर नसेल तर सगळ्यात खालच्या मजल्यावर, बिनखिडकीच्या खोलीत किंवा न्हाणीघरात जा. फोनवर आणि टीव्हीवर येणाऱ्या इशाऱ्यात काउंटीचं नाव असतं, म्हणून आपली काउंटी पहिल्याच दिवशी पाठ करा, आणि जॉन्सन असेल तर कुठल्या राज्यातली तेही.