पिसवांवर बोरिक पावडर टाकताय? या चुका टाळा

पावसाळ्यातली दमट हवा पिसवांच्या अळ्यांना मानवते, आणि कोल्हापुरात ती चार महिने असते. त्यातून दारात कुत्रं, माळ्यावर मांजर, परड्यात गोठा. मग बोरिक पावडरीचा डबा संपतो, तरी पायावरचे चावे थांबत नाहीत. बहुतेक वेळा पावडर चांगली असते, टाकण्यात चुकतं.

उड्या मारणारी पिसू पावडरीने मरेल म्हणून वाट बघू नका. बोरिक पावडर पोटात गेली तरच काम करते आणि मोठी पिसू रक्ताशिवाय काही घेत नाही. पावडर खातात त्या अळ्या. त्या फरशीच्या सांध्यात, सतरंजीखाली, पलंगाखालच्या धुळीत असतात आणि मोठ्या पिसवांच्या वाळक्या विष्ठेवर जगतात. म्हणून पावडर तिथे, पातळ थर देऊन, ब्रशने फटीत ढकलायची. वर उरलेली झाडून घ्यायची. कोषातल्या पिसवांना ती लागत नाही. त्या कित्येक आठवडे दबून बसतात आणि माणसाची चाहूल लागली की बाहेर येतात. त्यामुळे पहिले दोन-तीन आठवडे नव्या पिसवा दिसणारच. तेवढ्यात कंटाळून जहाल फवारा आणू नका.

दुसरी चूक ओलीची. जुलैत फरशीला घाम सुटतो, पावडरीचा लगदा होतो आणि ती फटीत उतरतच नाही. उघडीप बघून, पंखा लावून खोली कोरडी करा, मगच टाका. नंतर रोज ओल्या फडक्याने पुसलंत तर सगळी मेहनत वाया. सारवलेल्या जमिनीवर तर हा उपाय करूच नका, पुढच्या सारवणात पावडर गाडली जाते.

कॅरमची म्हणून मिळणारी प्रत्येक पावडर बोरिक नसते, डब्यावरचं नाव वाचा.

कुत्र्या-मांजराच्या अंगावर ही पावडर चोळू नका, ती चाटतात. त्यांचं औषध त्याच दिवशी पशुवैद्याकडून घ्या, नाहीतर अंडी पडतच राहतील. कुत्र्याचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजराला लावलं तर ते जिवावर बेततं.

कमी विषारी म्हणजे निर्धोक नव्हे. टाकताना नाकातोंडाला फडकं बांधा. रांगतं मूल आणि पिठाचे डबे लांब ठेवा. मुलाने गिळलीच तर उलटी करवत बसू नका. डबा हातात घ्या आणि थेट सीपीआर, म्हणजे कोल्हापुरातलं छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय, गाठा.