दुबईच्या अंगणात भाजीपाला: हंगामापूर्वीची तयारी

दुबई, शारजा किंवा अबुधाबीत ज्यांच्या घराला थोडेफार अंगण आहे, त्यांनी भाजीपाल्याच्या तयारीला ऑगस्टअखेरीसच लागावे, कारण येथील हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल असा चालतो आणि आपल्याकडील पावसाळी वेळापत्रक येथे उपयोगाचे नाही. पहिले काम मातीचे, आणि खरे तर निम्मे काम तेच आहे. येथील वाळू चुनखडीयुक्त व अल्कधर्मी असून तिच्यात सेंद्रिय द्रव्य जवळजवळ नसते. त्यामुळे वाफ्यात वीतभर खोलीपर्यंत पूर्ण कुजलेले शेणखत आणि धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळावे व ते मिश्रण दोन-तीन आठवडे ओलसर ठेवून मुरू द्यावे. किनाऱ्यावरची वाळू फुकट मिळाली तरी आणू नये. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडू लागल्यास ती बहुधा लोहाची उणीव असते. हिराकस (फेरस सल्फेट) अशा मातीत लवकर निष्प्रभ होतो, म्हणून चिलेटेड लोहच, म्हणजे अल्कधर्मी मातीतही झाडाला घेता येईल अशा रूपातले लोह, आणून ठेवावे.

नळाचे पाणी बहुतांशी समुद्राच्या पाण्यातील क्षार काढून तयार केलेले असल्याने पिकांना चालते, परंतु कूपनलिकेचे पाणी तपासल्याशिवाय वापरू नये. ठिबकाच्या नळ्या आच्छादनाखाली घ्याव्यात, कारण उन्हात पडलेल्या नळीतले पाणी रोपाला पोळवण्याइतके तापते. जमिनीवर पांढरी पुटे दिसू लागली की एकदा भरपूर पाणी देऊन क्षार मुळांच्या खाली उतरवावेत.

टोमॅटो, वांगी व मिरचीची रोपे सप्टेंबरमध्ये शेडनेटखाली तयार करून ऑक्टोबरमध्ये लावावीत. दिवसा तापमान 35 अंशांच्या वर राहिले तर टोमॅटोची फुले फळ न धरताच गळतात, त्यामुळे घाई करून काही हाती लागत नाही. मेथी, पालक व कोथिंबिरीला नोव्हेंबर उजाडू द्यावा. उन्हाळ्यात भेंडी, गवार आणि चवळी तग धरतात. बाकीचे वाफे रिकामे करून, भिजवून, पारदर्शक प्लास्टिकने महिना-दीड महिना झाकल्यास सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म जंत) बऱ्याच अंशी आटोक्यात येतात.

फळझाडांत डाळिंब, अंजीर, बोर आणि लिंबू यांना प्राधान्य द्यावे. खजूर हवा असल्यास बियांपासून रोप करू नये: नर व मादी झाडे वेगळी असतात, म्हणून ज्ञात मादी झाडाचा फुटवा किंवा ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरचे) रोप घ्यावे, आणि भाड्याच्या घरात ते लावण्याआधी घरमालकाची परवानगी घ्यावी.