सेरोटोनिन-डोपामिनचं नातं लिहिताना या चुका टाळा

'सेरोटोनिन वाढलं की डोपामिन कमी होतं.' मेंदूच्या पेशींमध्ये निरोप नेणाऱ्या या दोन रसायनांबद्दलचं हे वाक्य उत्तरपत्रिका तपासताना हमखास भेटतं आणि दर वेळी मी त्यावर एकच प्रश्न लिहितो: कुठल्या रिसेप्टरमुळे (पेशीवर असं रसायन जिथे बसतं ती जागा), आणि मेंदूत कुठे? सेरोटोनिनचे रिसेप्टर ७ कुळांत मिळून १४ प्रकारचे आहेत. सगळे एकाच दिशेला ओढत नाहीत.

सगळ्यात जास्त गोंधळ ५-एचटी२सीपाशी (५-एचटी म्हणजे सेरोटोनिन; थोडक्यात २सी) होतो. हा रिसेप्टर पेशीला उत्तेजित करतो, एवढं पाठ असतं. म्हणजे डोपामिन वाढणार, असं लिहून आपण मोकळे! पण उत्तेजित कोण झालं? मध्यमेंदूतल्या व्हीटीए भागात डोपामिनच्या पेशींना खेटून गाबाच्या, म्हणजे शेजारच्या पेशींना शांत करणारं रसायन सोडणाऱ्या पेशी असतात आणि २सी त्यांच्यावरही असतो. सेरोटोनिन तिथे बसलं की गाबाची पेशी जागी होते, गाबा सोडते आणि शेजारची डोपामिनची पेशी मंदावते. म्हणून २सी अडवला तर डोपामिन वाढतं. आकृतीत प्रत्येक बाणाच्या टोकाशी पेशीचं नाव लिहा. चूक कुठे झाली ते लगेच दिसतं.

५-एचटी१एची गंमत याच्या उलट. तो पेशीला शांत करतो, तरी त्याला चालना देणाऱ्या औषधांनी मेंदूच्या पुढच्या भागात डोपामिन वाढतं. शिवाय मेंदूच्या राफे या भागातल्या सेरोटोनिनच्या पेशींवर तोच लगाम म्हणून बसलेला असतो, त्यामुळे जागा न सांगता नुसतं '१ए' लिहिण्यात अर्थ नाही.

२ए (म्हणजे ५-एचटी२ए) आणि २सी एकाच पिशवीत घालू नका. हॅलोपेरिडॉल हे मनोविकारावरचं औषध डोपामिनचा डी२ रिसेप्टर अडवतं, म्हणून हातपाय ताठरतात. क्लोझापिन हे तशाच आजारावरचं औषध डी२पेक्षा २एला जास्त घट्ट धरतं आणि हा त्रास फार कमी होतो. त्यामागे २एचा वाटा किती, यावर वाद आहे. मुख्यतः २ए अडवणारं पिमावान्सेरिन हे औषध तर डी२ला जवळपास शिवतच नाही. त्यामुळेच पार्किन्सनच्या रुग्णांना होणाऱ्या भासांसाठी ते वापरता येतं. अमेरिकेत २०१६ साली त्याला मान्यता मिळाली.

आणि एक किरकोळ वाटणारी चूक. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं आणि ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. रक्ततपासणीतला सेरोटोनिनचा आकडा दाखवून कुणी मेंदूतल्या डोपामिनबद्दल सांगू लागलं, तर तो आकडा बाजूला ठेवा.