‘बूम’ वापरताना या चुका टाळा

इंग्रजीत बातमी, अर्ज किंवा निबंध लिहिताना आवाज मोठा झाला की सरसकट ‘बूम’ लिहिलं जातं. नुसत्या मोठेपणावर हा शब्द बसत नाही. त्याला खर्ज लागतो आणि घुमणं लागतं.

विहिरीचा सुरुंग घ्या. मराठवाड्यात मुरुमाखाली काळा बेसाल्ट लागतो, त्यामुळे सुरुंगाचा आवाज इथं सगळ्यांच्या ओळखीचा. जवळच्या माणसाला तो कोरडा, कानठळ्या बसवणारा ऐकू येतो, तो ‘बँग’. दूरच्या शिवारात तोच आवाज घुमत, जड होऊन पोचतो; तो ‘बूम’. हवा बारीक, उंच स्वर लवकर शोषते आणि खर्ज लांबवर टिकतो, म्हणून हा फरक पडतो. लिहिण्याआधी ऐकणारा किती अंतरावर होता हे विचारा.

टायर फुटलं तर ‘बँग’च. भोंगा किंवा हॉर्न सतत कर्कश वाजत असेल तर ‘ब्लेअर’. भांड्यांची उतरंड कोसळली तर ‘क्रॅश’. हिंगोली-नांदेडकडच्या गावांत जमिनीखालून येणाऱ्या गूढ आवाजांबद्दल लिहिताना तर फार जपावं. एकच दणका बसून घुमला तर ‘बूम’, गुरगुर लांबत गेली तर ‘रंबल’. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप झालेल्या मराठवाड्यात अशी नोंद नेमकीच हवी.

व्याकरणात नेहमी अडतं ते ‘अ’पाशी. ‘आय हर्ड बूम’ चूक, ‘आय हर्ड अ बूम’ बरोबर. ‘बूम साउंड’ऐवजी ‘अ बूमिंग साउंड’ लिहा. कीर्तनकाराच्या भरदार आवाजाला ‘अ बूमिंग व्हॉइस’ शोभतं. चिरक्या आवाजाला ‘श्रिल’ म्हणावं.

‘सॉनिक बूम’बद्दलचा गैरसमज शाळेच्या वह्यांतही दिसतो: विमानानं ध्वनीचा वेग ओलांडला त्या क्षणी एकदाच आवाज होतो, असा. प्रत्यक्षात विमान त्या वेगापुढे, म्हणजे २० अंश सेल्सिअसच्या हवेत ताशी सुमारे १,२३५ किलोमीटरपुढे, उडत असेपर्यंत आघातलहरी त्याच्यामागे पसरत राहतात. वाटेतल्या गावांना त्या पोचतील तसा दणका ऐकू येतो.

बाजाराच्या बातमीत सोयाबीनचा भाव दोन दिवस चढला की ‘बूम’ लिहू नका. तिथं ‘राइज’ पुरे. झपाट्यानं आणि मोठ्या प्रमाणावर उलाढाल वाढली तरच ‘बूम’. उलट अर्थाला ‘स्लंप’.

टोलनाक्यावरचा ‘बूम बॅरिअर’ आणि क्रेनचा ‘बूम’ यांचा आवाजाशी काही संबंध नाही. हा शब्द डच भाषेतून आला, तिथं त्याचा अर्थ झाड किंवा दांडा. शब्दकोशात त्याची नोंद वेगळी असते, ती शोधा. फवारणी यंत्राच्या माहितीपत्रकात ‘बूम’ दिसला, तर ज्या आडव्या दांडीवर नोझल बसवलेले असतात ती दांडी समजायची.