हाऊ पोऱ्या कोना शे? खानदेशात कुस्तीवर लिहू पाहणाऱ्यांसाठी

कुस्त्यांच्या दंगलीत एखादा अनोळखी पोरगा नावाजलेल्या पैलवानाला खाली घेतो, तेव्हा कडेला बसलेल्या माणसांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "हाऊ पोऱ्या कोना शे?" कोणाचा, कोणत्या गावचा, कोणत्या वस्तादाच्या हाताखालचा. निकाल तर त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो. त्यांना हवं असतं ते बाकीचं सगळं.

कुस्तीप्रेमींसाठीच्या एका संकेतस्थळाचं काम मी गेली काही वर्षं अंमळनेरात राहून करतोय. हाती घेतलं तेव्हा तिथे निकालांच्या ओळी, फेटे बांधलेले सत्काराचे फोटो आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा एवढंच होतं. लोक यायचे, निकाल बघून निघून जायचे. आता ते थांबतात, वाचतात, जुने फोटो पाठवतात, "आमच्या गावच्या वस्तादावर लिहा" म्हणून फोन करतात. पत्रकारिता शिकणारी मुलं आणि स्वतः लंगोट बांधलेली काही पोरंही विचारतात, की हे काम करायचं तर सुरुवात कुठून करायची. माझं उत्तर एकच असतं: निकाल आज कुणीही मिनिटभरात मोबाइलवर पोचवतो, त्यामुळे जे मातीजवळ उभं राहिल्याशिवाय कळत नाही, ते लिहा.

कुस्तीच्या वर्णनापासून सुरुवात करा. "अमुकने तमुकला चितपट केले" ही ओळ खरी असते, पण तिच्यातून कुस्ती दिसत नाही. आता हे वाचा. खडाखडी, म्हणजे उभ्याने हातांची झटापट, बराच वेळ चालली. ठेंगणा पैलवान दोनदा पटात शिरायला, म्हणजे पाय धरायला गेला आणि दोन्ही वेळा उंच पैलवानाने पाय मागे टाकून त्याला वरून दाबलं. तिसऱ्यांदा ठेंगण्याने नुसती हूल दिली. उंचाने सवयीने पाय मागे टाकले, त्याचा तोल पुढे आला, तेवढ्यात ठेंगणा बगलेखालून निसटून मागे गेला, मागून पकडून कब्जा घेतला आणि घिस्सा डाव ओढून त्याला चित केलं. एवढ्या पाच-सहा ओळींत वाचणाऱ्याला दोन्ही पैलवान कळतात. कोणाची सवय काय, कोणाचं डोकं कसं चालतं, पुढच्या वेळी ही जोड लागली तर कुठे बघायचं, हेही कळतं.

हे लिहिता यायला एक शिस्त लागते. कुस्ती चालू असताना मोबाइल खिशात ठेवा. चित्रण करायला गावातली पन्नास पोरं उभी असतात, त्यांच्याकडून नंतर मागून घेता येतं. तुम्ही बघा. पहिला हल्ला कोणाचा, कब्जा कोणी घेतला, निर्णायक डाव कोणता आणि घड्याळात किती वेळ गेला, एवढं वहीत उतरलं तरी पुरे. मग हरलेल्या पैलवानाशी बोला. जिंकलेल्याभोवती गर्दी असते आणि तो "वस्तादांची कृपा" यापुढे फारसं बोलत नाही. हरलेल्याला मात्र आपला पाय नेमका कधी अडकला हे पक्कं ठाऊक असतं. फक्त लगेच गाठू नका. अंगावरची माती धुऊ द्या, पाणी पिऊ द्या. दुसऱ्या दिवशी फोन केलात तरी चालतं. आमच्याकडची सगळ्यात चांगली वर्णनं अशाच फोनवर झालेल्या बोलण्यातून आली आहेत.

डावांची नावं हा एक वेगळाच खजिना आहे. ढाक, कलाजंग, मोळी, एकलांगी, धोबीपछाड ही नावं सगळे घेतात, पण तरुण वाचकांतल्या बऱ्याच जणांना डाव ओळखता येत नाही. आम्ही तालमीत जाऊन दोन पैलवानांकडून एकेक डाव सावकाश करून घेतला आणि प्रत्येकाचे तीन फोटो काढले: पकड, वळण, शेवट. खाली चार ओळी. एकाच डावाला दोन तालमींत दोन नावं असतील तर दोन्ही द्यायची, कोणतं कुठलं तेही सांगायचं. आपणच निवाडा करून एक नाव खोडू नये. वस्ताद मंडळी या बाबतीत फार हळवी असतात, आणि त्यांचं बरोबरच आहे.

गादीवरच्या (मॅटवरच्या) कुस्तीबद्दल तर समजावून लिहिण्याची फारच गरज आहे. जत्रेच्या मातीत पाठ लागली की कुस्ती संपली, हा हिशोब गावाला पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. गादीवर 3 मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये 30 सेकंदांची विश्रांती असते. फ्रीस्टाइलमध्ये खाली घेऊन ताबा मिळवला की 2 गुण, पाठ गादीकडे वळवली की 2, उभ्याने फेकून थेट पाठ गादीकडे नेली तर 4, रिंगणाबाहेर नेलं तर 1. आघाडी 10 गुणांची झाली की लढत तिथेच थांबते. कमरेखाली पकड चालत नाही त्या ग्रीको-रोमनमध्ये 8 गुणांवरच. हे ठाऊक नसलेला जुना शौकीन मोबाइलवर लढत बघतो आणि चिडतो, "चित तर कोणी झालंच नाही, मग हात कोणाचा वर केला?" नियमांचं कोरडं पान त्याला नको असतं. त्याने काल पाहिलेली लढत घ्या, तिचा एकेक गुण कशाचा ते सांगा. अशी पानं जुनी होत नाहीत, वर्षभर वाचली जातात.

आता पैलवानाच्या ओळखीबद्दल. उंची, वजन, जन्मगाव, मिळालेली बक्षिसं असा तक्ता कुणीही भरतो. तक्ता लागतोच, पण त्यातल्या नोंदी एकमेकींना जोडल्याशिवाय त्याला जीव येत नाही. आपल्याच चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचे विजय चौधरी घ्या. 2014, 2015 आणि 2016 अशी सलग तीन वर्षं ते महाराष्ट्र केसरी झाले. आता मागे-पुढे बघा. त्यांच्या आधीची तीन वर्षं, 2011 ते 2013, गदा नरसिंग यादवकडे होती. म्हणजे सहा वर्षांत महाराष्ट्राने दोनच महाराष्ट्र केसरी पाहिले. 2016 साली पुण्यात वारज्याच्या मैदानात अंतिम लढतीत विजय चौधरींनी अभिजित कटकेला हरवलं, आणि 2017 साली तोच अभिजित कटके महाराष्ट्र केसरी झाला. पुढे विजय चौधरी पोलीस खात्यात उपअधीक्षक झाले. या चार-पाच नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की चाळीसगावच्या आठवीतल्या पोराला आपल्या शेजारच्या गावातला माणूस केवढ्या रांगेत उभा आहे ते दिसतं. खाशाबा जाधवांचं 1952 चं हेलसिंकीतलं कांस्यपदक सगळ्यांनी लिहिलंय आणि लिहिलंच पाहिजे. पण आपल्या तालुक्यातल्या माणसावर आपण नाही लिहिलं, तर दुसरं कोण लिहिणार?

सालांच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून काम करावं लागतं. महाराष्ट्र केसरी स्पर्धेचं साल आणि ती प्रत्यक्ष भरली ती तारीख नेहमी जुळत नाही. 2019 ची स्पर्धा जानेवारी 2020 मध्ये झाली आणि हर्षवर्धन सदगीर जिंकला. अलीकडे तर वेगवेगळ्या संघटना आपापली स्पर्धा भरवतात. 2025 मध्ये अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला आणि त्याच वर्षी कर्जतला वेताळ शेळके. दोन्ही नोंदी हव्यात, आणि प्रत्येकीत ठिकाण, महिना आणि भरवणारी संघटना हवी. नाहीतर दहा वर्षांनी वाचणारा गोंधळून जाईल.

गावच्या दंगलींची अडचण निराळी. तिथे फारसा कागदच उरत नाही. जोड जागेवर लागते, निवेदक नाव पुकारतो, इनाम हातात पडतं, डफ वाजतो आणि संध्याकाळी मैदान मोकळं. मागे उरतं ते जत्रेचं पत्रक आणि पंचांच्या खिशातली चुरगळलेली यादी. ती यादी त्याच दिवशी मोबाइलवर टिपून घ्या. पंच देतात, आनंदाने देतात; आजवर त्यांना ती कुणी मागितलेलीच नसते.

जुन्या वस्तादांकडे बसणं हा या कामातला माझ्या सर्वांत आवडीचा भाग. त्यांना साल विचारलं तर सांगता येत नाही, त्याची अपेक्षाही धरू नये. "दुष्काळाच्या आधी का नंतर?" असं विचारा, म्हणजे 1972 चा खुंटा मिळतो. "आणीबाणी होती का तेव्हा?" म्हटलं की 1975 ते 1977. नंदुरबारकडच्या माणसाला "जिल्हा वेगळा झाला तेव्हा तुम्ही खेळत होतात का?" असं विचारलं की 1998. लग्न, पहिला मुलगा, विहीर खोदली ते वर्ष, यांवरूनही साल जवळपास सापडतं. नेमकं सापडलं नाही तर "1975 च्या आसपास" असं स्वच्छ लिहायचं. बोलणं अहिराणीत चालू द्या आणि अहिराणीतच ध्वनिमुद्रित करा. लेख प्रमाण मराठीत असला तरी वस्तादाचं एखादं वाक्य जसंच्या तसं ठेवलं की वाचणाऱ्याला त्याचा आवाज ऐकू येतो. आम्ही अशी ध्वनिमुद्रणं लेखासोबत ठेवतो. सुरत-वापीकडे कामाला गेलेली आपली माणसं ती रात्री ऐकतात आणि घरी फोन लावतात, याहून मोठी पावती मला ठाऊक नाही.

भिंतीवरचा जुना फोटो मागताना चौकटीतून काढायला लावू नका. उजेडाकडे धरून, फ्लॅश बंद ठेवून, थोडा तिरका कोन घेऊन टिपला की काचेची चमक येत नाही. फोटोत कोण कोण आहे ते त्याच बैठकीत, डावीकडून उजवीकडे, लिहून घ्या. घरातली म्हातारी माणसं गेल्यावर ती नावं कुणालाच सांगता येत नाहीत. फोटो कुणाचा, वापरायला परवानगी कुणाची, हेही त्याच वहीत. वर्तमानपत्रातला किंवा वाहिनीवरचा फोटो उचलून लावू नये. निकाल ही वस्तुस्थिती आहे, ती कुणाच्या मालकीची नसते. छायाचित्र मात्र काढणाऱ्याच्या किंवा काढून घेणाऱ्याच्या हक्काचं असतं. लहान मुलांच्या कुस्त्यांचे फोटो आई-वडिलांना विचारूनच, आणि फोन नंबर, घरचा पत्ता कधीच नाही.

लिपीचं काम कंटाळवाणं आहे, पण ते केल्याशिवाय पुढचं सगळं वाया जातं. जुन्या पत्रकांचा मजकूर श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टंकलेला असतो. तो युनिकोडमध्ये बदलून अक्षरन् अक्षर तपासला नाही, तर शोधणाऱ्याला सापडतच नाही. नावांची एक यादी करून ठेवा आणि कायम तेच लेखन वापरा. गावासोबत तालुका हवाच. पिंपळगाव, वडगाव, पिंप्री नावाची गावं किती आहेत ते एकदा नकाशावर बघा. फोटो हलके करून चढवा. सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे नेटवर्क जेमतेम असतं, आणि वाचणारे तिथेही आहेत.

मुलींच्या कुस्तीसाठी स्वतंत्र जागा ठेवा आणि ती भरती ठेवा. महिलांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा 2023 साली सांगलीत झाली आणि प्रतीक्षा बागडी पहिली मानकरी ठरली. खानदेशातल्या तालमींत आणि शाळांत गादीवर उतरणाऱ्या मुली आता दिसतात. त्यांच्याबद्दल लिहिताना "मुलगी असूनही" हा सूर नको. तिचा डाव लिहा, तिने गुण कसा घेतला ते लिहा. मुलाच्या कुस्तीचं जसं लिहिता तसंच.

पैशांचं सरळ सांगतो. पहिली काही वर्षं यावर घर चालत नाही. मी शिकवण्या घेत होतो. पण हात तयार झाला की आजूबाजूची कामं येतात: स्पर्धांची वृत्तं, स्मरणिका, निवेदनाची टिपणं, एखाद्या क्रीडा अकादमीचं लेखन. नोंद ठेवायची सवय लागली की खो-खो, बुद्धिबळ, धावण्याच्या स्पर्धा, काहीही लिहिता येतं. शहाद्याचा एक मुलगा माझ्यासोबत दंगली फिरायचा, तो आता शालेय स्पर्धांचे गुणतक्ते ठेवतो आणि त्याला त्याचे पैसे मिळतात.

सुरुवात करणार असाल तर अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी करा. जत्रा तिथीवर असतात, म्हणून पंचांग उघडून आपल्या तालुक्यातल्या जत्रांच्या या वर्षीच्या तारखा काढा आणि तीच तुमची पहिली नोंद म्हणून लोकांना द्या. असं वेळापत्रक एका जागी कुठे मिळत नाही, त्यामुळे पैलवानही ते जपून ठेवतात. बहुतेक ठिकाणी बारा गाड्या (जत्रेत एकमेकींना जोडलेल्या गाड्या ओढण्याचा विधी) आणि दंगल यांच्या वेळा वेगळ्या असतात, त्या गावात फोन करून पक्क्या करा. वैशाखात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो. रुमाल, पाण्याची बाटली, दोन पेन आणि जाड पुठ्ठ्याची वही घ्या, दुपारी लवकर पोचा आणि पंचांच्या बाजूला जागा धरा. तिथून दोन्ही पैलवानांचे पाय दिसतात.