शेणखतात झिंक का मुरवायचं? सूक्ष्म अन्नद्रव्यांवर काम करायला येणाऱ्यांसाठी माझा अनुभव

आमच्याकडं उसाच्या खोडव्याला केवडा पडला, म्हणजे कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा-पांढरा पडायला लागला, की अण्णा फेरस सल्फेट आणि झिंक सल्फेट आणायचे. पण ते सरळ सरीत टाकायचे नाहीत, दहापट शेणखतात कालवून, पाणी शिंपडून, वर गोणपाट टाकून पाच-सहा दिवस मुरत ठेवायचे. कृषी सहायकांनी तसं सांगितलेलं. मी विचारायचे का मुरवायचं, तर अण्णा म्हणायचे, "अगं मुरल्याशिवाय लागू पडत नाही." उत्तर बरोबरच होतं, पण त्याच्या आतली केमिस्ट्री समजायला मला एमएस्सी आणि पीएचडी धरून सात वर्षं लागली. आता सॉइल सायन्सला नवीन आलेली पोरं विचारतात की थिसिसला मायक्रोन्यूट्रियंट घेऊ का, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

आधी मूळ मुद्दा. आपल्या काळ्या चुनखडीच्या जमिनीचा पीएच ८ च्या वर असतो. पीएच एका युनिटनं वाढला की मातीतल्या पाण्यात विरघळलेलं झिंक साधारण शंभरपट कमी होतं, लोहाचं तर आणखी वाईट, हजारपट. म्हणजे जमिनीत लोह टनावारी आहे पण उसाच्या मुळाला प्यायला नाही. फेरस सल्फेट तसंच टाकलं तर थोड्या वेळात त्याचं फेरिक होतं आणि गंजासारखं बसून राहतं. शेणखतात मुरवल्यावर काय होतं, तर कुजलेल्या सेंद्रिय पदार्थावर कार्बोक्सिल आणि फिनॉलचे गट असतात, ते हायड्रोजन सोडून देतात आणि त्या जागी धातूला धरतात. एका हातानं नाही, दोन-तीन बाजूंनी. यालाच चिलेट म्हणतात, ग्रीक भाषेत खेकड्याच्या नांगीला जो शब्द आहे त्यावरून १९२० मध्ये मॉर्गन आणि ड्रू यांनी हे नाव दिलं. शेताच्या बांधावर खेकडे धरलेल्या माणसाला हे लगेच कळतं, नांगीत सापडलेलं बोट सहजी सुटत नाही, पण खेकडा चालत असतो आणि त्याच्याबरोबर बोटही चालतं. लहान विरघळणारे सेंद्रिय रेणू झिंकला असंच धरून मुळापर्यंत नेतात.

पण इथंच नवीन मुलं फसतात, मीही फसले होते. 'सेंद्रिय पदार्थ वाढला म्हणजे सूक्ष्म अन्नद्रव्य वाढलं' असं सगळे लिहितात, ते प्रत्येक वेळी खरं नाही. फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्समध्ये जमीन म्हणजे जवळपास नुसतं पीट, सेंद्रिय पदार्थाचा ढीग, आणि तिथं पिकं वाढतच नव्हती. १९२७ मध्ये अ‍ॅलिसन, ब्रायन आणि हंटर यांनी दाखवलं की कॉपर सल्फेट दिल्यावर तीच पिकं जोमानं येतात. तिथं मोठ्या, न विरघळणाऱ्या सेंद्रिय पदार्थानं तांबं इतकं घट्ट धरलेलं होतं की मुळाला काही मिळतच नव्हतं. म्हणजे धरणारा कोण आहे, किती घट्ट धरतोय आणि तो स्वतः पाण्यात हलतोय की जागेवर बसलाय, हे तिन्ही बघावं लागतं. माझा सगळा थिसिस या एका वाक्यावर उभा आहे.

कोणता धातू किती घट्ट धरला जातो यासाठी आयर्विंग-विल्यम्स सिरीज पाठ करा, मँगनीज सगळ्यात सैल, मग लोह (फेरस), कोबाल्ट, निकेल, तांबं सगळ्यात घट्ट, आणि झिंक परत खाली. म्हणून मातीच्या पाण्यातलं तांबं बहुतेक सगळं सेंद्रिय पदार्थाला चिकटलेलं सापडतं आणि झिंकचं तसं नसतं, त्याचा बराच भाग मोकळा आयन म्हणून फिरतो.

आता लॅबचं सांगते, कारण खरा वेळ तिथंच जातो. आपल्याकडं सगळीकडं डीटीपीए पद्धत वापरतात (डीटीपीए हाही एक चिलेट करणारा पदार्थ, तो मातीतलं पिकाला मिळण्याजोगं झिंक, लोह, तांबं द्रावणात ओढून आणतो), लिंडसे आणि नॉर्वेल यांची १९७८ ची. १० ग्रॅम माती, २० मिली द्रावण, पीएच ७.३, दोन तास शेकरवर, मग व्हॉटमन ४२ फिल्टर पेपरमधून गाळून एएएसवर, म्हणजे धातू मोजायच्या यंत्रावर, रीडिंग. झिंक ०.६ पीपीएमच्या खाली आलं की कमतरता. हे 'दोन तास' म्हणजे दोन तासच, जेवायला गेलात आणि तीन झाले तर आकडा बदलतो, कारण ही पद्धत समतोलाला पोचायच्या आधीच थांबवलेली असते.

माझ्या पहिल्या हंगामातले चाळीस नमुने फुकट गेले. झिंक आणि तांबं दोन्ही सगळ्या प्लॉटमध्ये जास्त यायचं, कंट्रोलमध्येसुद्धा. महिनाभर मी अ‍ॅसिड बदललं, डिस्टिल्ड वॉटर बदललं, स्टँडर्ड परत बनवले, ब्लँक (माती न घालता नुसतं द्रावण) बघितले तर ते स्वच्छ. मग एका सिनियर ताईनं नमुने कुठं चाळले ते विचारलं आणि मी कपाटातली चाळणी आणून दाखवली. पितळेची. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, म्हणजेच झिंक, आणि मी दोन मिलिमीटरच्या त्या जाळीवर माती ब्रशनं घासून घासून चाळली होती, ब्लँक मात्र चाळणीतून जात नाही म्हणून तो स्वच्छ. तेव्हापासून माझ्याकडं नायलॉनची चाळणी आहे, लाकडी दस्त्यानं माती फोडते, शेतात गॅल्व्हनाइज्ड बादली घेऊन जात नाही, आणि रबरी बुचं लावत नाही कारण रबरात झिंक ऑक्साइड असतं. काचेची आणि प्लॅस्टिकची भांडी पातळ नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये रात्रभर ठेवा. कंटाळवाणं आहे, पण या विषयात आपण दशलक्षात एका भागाच्या गोष्टी मोजतो.

पीएचडीत मी ह्युमिक अ‍ॅसिड काढून त्यावर तांबं कसं बसतं ते मोजलं. माती सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये हलवली की कडक कोऱ्या चहासारखं काळपट द्रावण मिळतं, त्यात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड घालून पीएच १ ते २ वर आणला की तपकिरी गाळ खाली बसतो तो ह्युमिक, आणि वर जे पिवळं पाणी राहतं त्यात फुल्विक. (२०१५ मध्ये लेहमन आणि क्लेबर यांनी नेचरमध्ये लिहिलं की हे असे वेगळे पदार्थ मातीत मुळात नसतातच, ते आपल्या काढण्याच्या पद्धतीतून दिसतात. तो लेख वाचाच, व्हायवाला हा प्रश्न येतो, आणि तो प्रश्न रास्त आहे.)

मग कॉपर इलेक्ट्रोड. हा मोकळं तांबं तेवढं मोजतो, सेंद्रिय पदार्थानं धरलेलं नाही. २५ अंशाला तांबं दहापट वाढलं की रीडिंग २९.६ मिलिव्होल्टनं वाढायला पाहिजे, त्याच्या जवळ स्लोप आला नाही तर टोक अ‍ॅल्युमिनानं पॉलिश करून परत कॅलिब्रेट करा, पुढं जाऊ नका. रेफरन्स इलेक्ट्रोडमधून क्लोराइड झिरपतं आणि त्रास देतं, म्हणून बाहेरच्या भागात पोटॅशियम नायट्रेट भरा. उजेडानंही रीडिंग हलतं, मी बीकरला फॉइल गुंडाळायचे. पीएच ६ वर धरून ठेवायचा, नायट्रोजन सोडायचा, आणि तांब्याचा एकेक थेंब टाकून रीडिंग स्थिर होईपर्यंत बसायचं, एका थेंबाला कधी कधी वीस मिनिटं.

पहिल्यांदा हे केलं ती संध्याकाळ मी विसरणार नाही. सुरुवातीचे थेंब टाकले तर मोकळं तांबं नावालाच दिसायचं, जणू काही टाकलंच नाही, सगळं ह्युमिकनं गिळलेलं. नंतर हळूहळू रीडिंग चढायला लागलं आणि शेवटी शेवटी टाकू त्यातलं बरंच मोकळंच राहायला लागलं. घट्ट धरणाऱ्या जागा थोड्या आणि त्या आधी भरतात, सैल जागा भरपूर आणि त्या नंतर, हे मी पुस्तकात दहादा वाचलं होतं पण डोळ्यासमोर घडताना बघितल्यावरच पटलं. म्हणून 'ह्युमिक आणि तांब्याचा स्थिरांक किती' याला एकच आकडा नाही, पीएच किती आणि तांबं आधीच किती भरलंय हे सांगितल्याशिवाय तो आकडा निरर्थक आहे. सेंद्रिय पदार्थ धातूला किती धरतो याचा हिशोब करणारं टिपिंगचं मॉडेल काय किंवा निका-डोनन मॉडेल काय, दोन्ही हाच पसरलेपणा गणितात बसवतात. असा हिशोब करणारं व्हिज्युअल मिंटेक नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात पीएच, विरघळलेला सेंद्रिय कार्बन, कॅल्शियम आणि तुमचा धातू टाकून खेळत बसा. कॅल्शियम नक्की टाका, आपल्या चुनखडीच्या जमिनीत तो याच जागांसाठी भांडत असतो आणि बाहेरच्या पेपरमधले आम्लधर्मी मातीचे आकडे म्हणूनच आपल्याकडं जसेच्या तसे लागू होत नाहीत.

करिअरचं थोडक्यात. माती परीक्षण लॅब, खत कंपन्यांचे क्यूसी आणि आर अँड डी, केव्हीके (कृषी विज्ञान केंद्रं), विद्यापीठं, भोपाळची भारतीय मृदा विज्ञान संस्था, सगळीकडं ही माणसं लागतात. सॉइल हेल्थ कार्डवरच्या १२ घटकांत झिंक, लोह, तांबं, मँगनीज आणि बोरॉन आहेत, म्हणजे काम संपत नाही. बाजारात 'चिलेटेड' लिहिलेली खतं खूप आहेत, त्यात कोणता चिलेट आहे हे विचारणारा माणूस कमी. लोहाचा ईडीटीए चिलेट पीएच ६.५ च्या वर टिकत नाही, चुनखडीच्या जमिनीतून द्यायचा असेल तर ईडीडीएचए हा दुसरा चिलेट लागतो. शेतकऱ्याचे पैसे वाचवणारी माहिती आहे ही.

आणि ज्यांचं सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, अजून व्हायचंय त्यांना एक साधा प्रयोग सुचवते. तुमच्या भागातली माती घ्या, एकात नुसतं झिंक सल्फेट, एकात शेणखतात मुरवलेलं, एकात झिंक आणि शेणखत न मुरवता एकत्र, आणि ०, ७, २१, ४५ दिवसांनी डीटीपीए झिंक मोजा, सोबत पाण्यात विरघळलेला कार्बनही. ओल सगळ्यांत सारखी ठेवा, रोज वजन करून. चौथा नमुना नुसत्या शेणखताचा, झिंक न घालता, कारण जनावरांना मिनरल मिक्श्चर खाऊ घालतात आणि शेणखतातच झिंक येतं. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये हा चौथा नमुना नव्हता आणि त्यासाठी मला अख्खा प्रयोग परत लावावा लागला.