नागपुरात सर्पगंधेची रोपं कशी तयार करावीत

सर्पगंधा आयुर्वेदाला जुनीच. पण १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावरचा तिचा उपयोग ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात मांडला, १९५२ मध्ये मुळातून रिसर्पिन हे रक्तदाब उतरवणारं द्रव्य वेगळं काढलं गेलं आणि जगभरातून मागणी आली. मागणी फक्त मुळाला, आणि मूळ खणलं की झुडूप संपलं. फळं धरण्याआधीच खणलं तर बीही मागे उरत नाही. आज ही वनस्पती साइट्स कराराच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. म्हणून जंगलातून एकही रोप उपटून आणू नका; बी किंवा रोप खात्रीच्या रोपवाटिकेतूनच घ्या.

घेताना पानं नीट बघा. रोपवाटिकेत याच नावाखाली बऱ्याचदा तिची अमेरिकन बहीण मिळते. खऱ्या सर्पगंधेच्या एका पेऱ्यावर बहुधा तीन पानं येतात, वरून तुकतुकीत, खालून फिकट. फुलं पांढरी, पण देठ आणि नळी लालसर. फळ पिकलं की जांभळट काळं. अमेरिकन जातीत बहुधा चार पानं असतात आणि ती स्पष्टपणे लहानमोठी. चारही पानं लहानमोठी दिसली तर रोप परत ठेवा.

खरी कसोटी बियाण्याची. टरफल दगडासारखं कठीण, त्यात बरंचसं बी पोकळ. पिकलेल्या फळांचा गर पाण्यात चोळून काढा आणि बी सावलीत वाळवा. मग एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाका. तरंगणारं फेकून द्या, तळाशी बसलेलं साध्या पाण्यानं दोनतीनदा धुऊन २४ तास भिजत ठेवा. मीठ राहिलं तर कोंब करपतो. ताजं बी वापरा. जुनं झालं की उगवण झपाट्यानं घसरते. निम्मं उगवलं तरी चांगलं समजा.

पेरणी मेमध्ये, ५० टक्के सावलीच्या जाळीखाली. माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत समप्रमाणात, बी एक सेंटिमीटर खोल. नागपुरात पारा ४५ अंशांजवळ गेला की वरचा थर दुपारपर्यंत कोरडा पडतो, त्यामुळे झारीनं सकाळ-संध्याकाळ पाणी द्या. उगवण सावकाश होते, महिनाभर तरी वाफा उकरू नका.

बी नसेल तर मुळाचे अडीच ते पाच सेंटिमीटरचे तुकडे ओल्या वाळूत आडवे लावा. पण त्यासाठी जंगलातलं मूळ नको, लागवडीतलंच हवं.

चार ते सहा पानं आल्यावर, जुलैत पाऊस स्थिरावला की, ४५ बाय ३० सेंटिमीटरवर लावा. इथली काळी माती मोठा धोका आहे: पावसात पाणी धरून मूळ कुजवते, उन्हाळ्यात भेगाळून तोडते. वाफा १५ ते २० सेंटिमीटर उंच करा, त्यात बारीक मुरूम आणि वाळू मिसळा, आणि झाडाची हलकी सावली ठेवा. पानं रातोरात फस्त झाली तर पानांखाली कण्हेरीवरची जाड हिरवी अळी शोधा. हातानं वेचून काढा, फवारणीची गरज नाही.

मूळ तयार व्हायला साधारण दोन वर्षं लागतात, पण पहिल्या दोन बहरांचं बी आधी गोळा करा आणि शेजाऱ्यांना वाटा. मूळ मात्र घरी चघळायचं औषध नाही. त्यानं रक्तदाब धोकादायक उतरतो आणि मन खचतं; वैद्याशिवाय घेऊ नका.

रानात कुठे सापडलीच तर पानांच्या चक्राचा, फुलाचा आणि फळाचा फोटो घ्या आणि गावच्या जैवविविधता समितीला कळवा. नेमकं ठिकाण समाजमाध्यमावर टाकू नका. खणणारे तेही वाचतात.